आधी जेवून घे

काल काकूंचा, तुझ्या सासूबाईंचा, फोन आला होता. म्हणाल्या, "तूच बोल आता तिच्याशी, माझं काही ऐकत नाही. गुरुवार धरलाच होता, आता सोमवार आणि शनिवारही धरलेत. बाकीच्या दिवशी रात्रीचं ताट बाजूला सारते. विचारलं तर म्हणते, साईबाबांसाठी करतेय." बाबांचं नाव घेतलं की काकू गप्प बसतात, हे तुला चांगलं माहीत आहे. पण मला खरं कारण ठाऊक आहे गं. घरच्या ग्रुपवर मागच्या लग्नातल्या हळदीचा तुझा फोटो आला, त्याखाली तुझ्या दिरानं जे लिहिलं ते मीही वाचलं. आता नणंदेचं लग्न तोंडावर आलंय आणि त्या मांडवात तुला कमी दिसायचं आहे.

फोनवर तू "हो ताई, हो ताई" म्हणतेस आणि विषय बदलतेस, म्हणून लिहून पाठवतेय. दुपारी मध्यान्ह आरतीनंतर शिर्डीतल्या तुमच्या हार-पेढ्यांच्या दुकानात जरा उसंत मिळते ना, तेव्हा वाच.

उपासाचं आधी बोलू. तुझ्या घरी दर वर्षी साईसच्चरिताचं पारायण होतं. त्यातला बत्तिसावा अध्याय आठव. गोखलेबाई शिर्डीला आल्या त्या मनाशी ठरवूनच, की बाबांच्या पायाशी बसून तीन दिवस अन्न घ्यायचं नाही. शिमग्याचे दिवस होते. बाबांनी त्यांना दादा केळकरांच्या घरी पाठवलं. तिथं पुरणपोळ्या कर, मुलांना वाढ आणि तूही खा, म्हणाले. केळकरांची बायको नेमकी तेव्हा बाजूला बसलेली, घरात रांधायला कुणी नव्हतं. गोखलेबाईंनी सगळ्यांसाठी स्वयंपाक केला आणि स्वतःही जेवल्या. बाबा स्वतः उपास करत नसत आणि दुसऱ्यालाही करू देत नसत, हे पोथी रचणाऱ्या हेमाडपंतांनी त्याच अध्यायात लिहून ठेवलंय. उपाशी माणसाचं चित्त थाऱ्यावर राहत नाही, मग ते देवाकडे कसं लागणार, असा त्यामागचा विचार. नऊ गुरुवारच्या व्रतातही अगदी उपाशी राहू नये, फळं-दूध घ्यावं किंवा एक वेळ जेवावं, असंच सांगतात.

तुला व्रत करायचं तर मनापासून कर. पण सकाळी वजनकाट्यावर उभं राहायचं, आकडा मनासारखा नसला की दुपारचं जेवण कापायचं आणि त्याला बाबांचं नाव द्यायचं, हे मला पटत नाही. ती तू स्वतःला दिलेली शिक्षा आहे. ज्यांनी आल्यागेल्याला जेवू घातलं, मशिदीबाहेर हंडी चढवून स्वतः रांधलं, त्यांच्या नावावर तरी ती शिक्षा घालू नकोस.

आता रात्रीचं. दिवाळीत माझ्याकडे राहिलीस तेव्हा अंधारात तू मला जे सांगितलंस, ते मी कुणाकडे बोललेले नाही. शेजारतीनंतर शटर खाली येतं, घरी जेवणं आटोपतात, तू "मला भूक नाही" म्हणतेस. सगळे झोपले की स्वयंपाकघरात दिवा न लावता फुटक्या पेढ्यांचा डबा उघडतेस. उभ्यानंच, भराभर, चव न कळता खातेस. डबा रिकामा झाला की तिथंच खाली बसून रडतेस, आणि सकाळी त्या रात्रीचं प्रायश्चित्त म्हणून पुन्हा उपास. "ताई, मी हावरट आहे गं," असं म्हणाली होतीस. तेव्हा मी तुला नुसतं जवळ घेतलं. आज उत्तर देते.

तू हावरट नाहीस. उपाशी शरीर असंच वागतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. सगळे धडधाकट, स्वतःहून तयार झालेले. जवळपास सहा महिने त्यांना नेहमीच्या निम्म्याच्या आसपास अन्न दिलं. वजनं उतरली, सुमारे चौथा हिस्सा. पण त्या शहाण्यासुरत्या मुलांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही राहिलंच नाही. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटं चाटायचे, चिडचिडे आणि उदास झाले. प्रयोग संपल्यावर पुढ्यात अन्न आलं तेव्हा कितीही खाल्लं तरी भागेना. त्यांना कुणी हावरट म्हणालं नाही. दिवसभर दारात आलेल्या प्रत्येकाला पेढे तोलून द्यायचे आणि स्वतः कोरडं राहायचं, असं करणाऱ्या बाईनं मात्र स्वतःला तो शब्द लावावा, हा कुठला न्याय?

म्हणून माझं पहिलं मागणं एवढंच आहे. दिवसातून तीन वेळा जेव. बसून जेव. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी, वाटीभर दही, जे घरात असेल ते, पण ताटात वाढून घेऊन. रात्रीच्या त्या डब्याचा अर्धा जोर दिवसा जेवल्यानंच उतरेल. उरलेला अर्धा मनाचा आहे, आणि त्यासाठी मला तुला सजगतेबद्दल सांगायचं आहे.

त्याआधी एक सल मनातून काढून टाकू. "कुठल्या गिरणीचं पीठ खातेस?", "लग्नानंतर चांगलीच सुटलीस", कोपरगावच्या रिक्षातल्या त्या माणसाचं "दोन शिटांचं भाडं द्या", हे सगळं ऐकून तुला वाटायला लागलंय की तुझं अंग हे तुझ्या आळसाचं जाहीर प्रमाणपत्र आहे. तुझा दिवस मी बघितलाय. काकड आरतीच्या आधी उठून हार ओवायला बसतेस, रात्री अकराला पाठ टेकतेस. त्यात आळस कुठं आला? झोप पाच तासांवर आली की भूक वाढवणारी संप्रेरकं चढतात आणि पोट भरल्याचा निरोप देणारी उतरतात. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून कळलंय की वजनात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आपल्या आजीची आणि आत्याची चण आठवून बघ. थायरॉइड असतं, पीसीओडी असतं, काही औषधांनी वजन चढतं, बाळंतपणात चढलेलं उतरत नाही. आणि घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं टाकवत नाही म्हणून आपल्याच पोटात ढकलायची आपल्याकडच्या बायकांची रीत, ती तर पिढ्यांची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २४ टक्के जणींचं वजन प्रमाणापेक्षा जास्त निघालं. चौघींत एक. एवढ्या सगळ्या बायका एकदम आळशी झाल्या, असं कुणी म्हणेल का?

टोमणे मारून माणूस बारीक होतो, असं तुझ्या दिराला खरोखरच वाटत असेल. तसं होत नाही. २०२० मध्ये जगभरातल्या या विषयातल्या तज्ज्ञांनी 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात एकत्र येऊन लिहिलं की जाड माणसांना हिणवल्यानं त्यांच्या शरीराचं आणि मनाचं नुकसान होतं, आणि ती उपचारांपासूनही लांब राहतात. माझा गुडघा दुखत होता तेव्हा एका डॉक्टरांनी गुडघ्याला हातही न लावता "आधी वजन कमी करा, मग या" म्हणून पाठवलं होतं. पुढं कित्येक दिवस मी डॉक्टरांकडे गेलेच नाही. दुखणं अंगावर काढलं. हे असंच होतं सगळ्यांचं. आणि बाहेरच्यांचं ऐकून ऐकून ते टोमणे आपल्याच आवाजात आपल्या डोक्यात सुरू होतात. दिवसभर आतून कुणी शिव्या घालत असेल तर रात्री माणूस कुठंतरी आसरा शोधणारच. तुला तो पेढ्यांच्या डब्यात सापडला.

सजगतेचं काम इथंच आहे, त्या आतल्या आवाजाशी. बुद्धाच्या काळापासून आपल्या मातीत असलेली ही गोष्ट. श्वासाकडे, शरीरातल्या संवेदनांकडे, मनात येणाऱ्या विचारांकडे बघायचं, त्यांना बरंवाईट न म्हणता. जॉन कबात-झिन नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात त्याचा वर्ग सुरू केला. त्यात देवधर्माचा भाग ठेवला नाही. औषधांनी न भागलेल्या जुनाट दुखण्यांची माणसं तिथं यायची. पुढं जीन क्रिस्टेलर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी खास खाण्यासाठी त्यावरून एक पद्धत बसवली, अनावर खाण्याचा त्रास असलेल्यांसाठी. लोणीला समुपदेशनासाठी जायचे तेव्हा तिथल्या ताईंनी मला त्यातलंच काही शिकवलं. बाळंतपणानंतरचे माझे ते दिवस तुला आठवत असतील. त्या वेळी मला सगळ्यात जास्त ज्याचा उपयोग झाला, ते हे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते, नाहीतर नंतर म्हणशील ताईनं फसवलं. यानं वजन भराभर उतरत नाही. काहींचं थोडं उतरतं, काहींचं तिथंच राहतं. अभ्यासांतून जे बऱ्यापैकी ठामपणे दिसलंय ते असं की अनावर खाण्याचे प्रसंग कमी होतात, दुःखात किंवा रागात अन्नाकडे धावणं कमी होतं. नणंदेच्या लग्नासाठी हे करायला जाशील तर सोडून दे. रात्री स्वयंपाकघरात तुला रडावं लागू नये म्हणून कर.

राहात्याचा पेरू घे. तुमच्या दुकानासमोरच हातगाडी असते. कबात-झिन यांच्या वर्गात मनुका देतात, आपल्याला पेरू बरा. एक फोड हातात घेऊन बस. आधी बघ, सालीवरचे ठिपके, आतला पांढरा किंवा गुलाबी गर. वास घे. तोंडात पाणी सुटतं का ते बघ. मग दात लाव, पण लगेच गिळू नकोस. बिया दाताखाली येतात, गोड-तुरट रस जिभेच्या कुठल्या कडेला लागतो, गिळताना घशातून कसं जातं, नुसतं लक्ष ठेव. मध्येच मन म्हणेल, काय हा वेडेपणा, गिऱ्हाईक येईल. म्हणू दे. पुन्हा पेरूकडे ये. मन भरकटलं म्हणून स्वतःवर चिडायचं नाही, परत यायचं, एवढाच सगळा अभ्यास. पहिल्यांदा केलं तेव्हा मला रडू आलं होतं. कित्येक महिन्यांत मी काही खाताना त्याची चव घेतलीच नव्हती, हे त्या एका फोडीनं कळलं.

ते जमायला लागलं की प्रसादाचा बुंदीचा लाडू घे. हो, लाडूच. ज्याची भीती वाटते तेच ताटात घ्यायचं, पण दिवसा, उजेडात, पोटात दोन घास आधी गेलेले असताना. पहिला घास किती गोड लागतो ते बघ. दुसरा, तिसरा. कुठल्यातरी घासाला तो गोडवा उतरतो. जीभ म्हणते, कळलं आता. क्रिस्टेलरबाई या उतरण्यावर फार भर देतात. अंधारात भराभर खाताना ती जागा निघून जाते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. ती जागा सापडली की उरलेला लाडू झाकून ठेव. प्रसाद टाकायचा नाही हे मला मान्य आहे, पण तो एकाच बैठकीत संपवायचा असं कुणी सांगितलंय? कागदात गुंडाळून ठेव, लेकीला दे, दारात आलेल्या म्हातारीला दे. आणि एखाद्या दिवशी अख्खा खावासा वाटला तर अख्खा खा, चव घेत, आणि नंतर स्वतःला बोल लावू नकोस.

भूक कुठली आहे तेही ओळखायला शीक. पोटाची भूक हळूहळू चढते, तिला भाकरीही चालते आणि पिठलंही. मनाची एकदम येते आणि तिला पेढाच लागतो. जेवायला बसण्याआधी क्षणभर थांबून पोटावर हात ठेव आणि विचार, आत काय आहे. भूक आहे? दमणूक आहे? सासूबाईंचं एखादं वाक्य आहे का, दुपारपासून गिळता न आलेलं? पुष्कळदा झोपच असते. उत्तर काहीही आलं तरी खायला मनाई नाही, हे लक्षात ठेव. मनाई आली की तू पुन्हा त्याच चक्रात अडकशील. विचारायची सवय लागू दे, एवढंच. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोहोचायला वीसेक मिनिटं लागतात, म्हणून सावकाश जेव. मोबाइल बाजूला ठेव, निदान पहिल्या चार घासांना तरी.

आणि ती रात्रीची ऊर्मी येईल तेव्हा. येणारच, पहिले काही दिवस तर नक्की. त्या वेळी तिच्याशी भांडू नकोस, तिला हाकलू नकोस. गुरुवारी पालखीच्या वेळी चावडीसमोर गर्दी कशी चढते, वाटतं आता आपण चेंगरणार, आणि पालखी पुढं गेली की कुणी न हटवता ओसरते; ही ऊर्मी तशी आहे. चढते, टोकाला जाते, ओसरते. तुला फक्त त्या वेळात उभं राहायचं आहे. दिवा लाव. खाली बस. कुठं जाणवते ते बघ, घशात, छातीत, हातांत. श्वास मोज. मनात म्हण, आत्ता मला फार एकटं वाटतंय, किंवा आत्ता मला राग आलाय, जे खरं असेल ते. ओसरली तर झोपायला जा. नाही ओसरली आणि खाल्लंस, तर ताटलीत काढून, बसून खा. ते हरणं नव्हे. ताटलीत काढून घेतलंस म्हणजेच तू अर्धी जागी होतीस.

कधीतरी दुपारी लेंडीबागेत जाऊन बस. बाबा रोज जायचे त्या बागेत. नंदादीपाजवळ, गर्दी जरा कमी असेल तिथं. काही म्हणायचं नाही, मागायचं नाही. पावलांपासून सुरुवात कर. दिवसभर फरशीवर उभी असतात ती, कधी त्यांची विचारपूस केलीस? टाचा, पोटऱ्या, गुडघे, मांड्या, पोट. पोटाशी आलीस की मन तोंड फिरवेल. तिथं थांब जरा. त्या पोटानं दोन लेकरं वाढवली. त्याचं काही चुकलेलं नाही गं. त्याच्यावर प्रेम आलं नाही तरी चालेल, त्याची किळस येते हे नुसतं कळलं तरी पुरे. मला तर त्या जागी यायलाच बरेच दिवस लागले होते.

एक मात्र सांभाळ. तुझ्या जाऊबाई म्हणत होत्या ना, इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला जाऊ, वजनही उतरेल. धम्मगिरी चांगलं ठिकाण आहे. गोएंका गुरुजींनी १९७६ मध्ये सुरू केलेलं, फी घेत नाहीत, सिन्नर-घोटीवरून तीन तासांत पोहोचशीलही. पण तिथं पहिले नऊ दिवस मौन असतं आणि नव्या साधकांना संध्याकाळी फळं आणि चहा एवढंच मिळतं. ज्या बाईचं अन्नाशी असं भांडण चालू आहे तिनं सुरुवात तिथून करू नये, असं माझं ठाम मत आहे. मनात दाबलेलं एकदम वर आलं तर ओळखीच्या माणसाशी बोलायचीही सोय नसते. गंभीर मानसिक त्रास असलेल्यांना शिबिर योग्य नाही, असं तेही आधीच सांगतात. पुढं कधी जा, मन शांत व्हावं म्हणून जा. वजनासाठी मात्र नको.

आणि डोळे मिटून बसणं तुला जमलंच नाही, श्वासाकडे बघितलं की धडधड वाढते असं झालं, तर डोळे उघडे ठेव. हार ओवताना कर. सुई, दोरा, झेंडूचा देठ, बोटांना लागणारा ओलावा. तेही तेच आहे.

वैद्यकीय बाजूही सोडायची नाही. मन सांभाळायचं म्हणून साखर वाढू द्यायची, असं मी म्हणत नाहीये. आपल्याकडच्या लोकांना कमी वजनातही मधुमेह होतो, म्हणून इथले डॉक्टर बीएमआय २३ च्या वर गेला की जपायला सांगतात आणि बायकांच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा म्हणतात. थायरॉइड, साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन तपासून घे. डॉक्टर वजनावरच घसरले तर शांतपणे म्हण, "वजनाचं मला माहीत आहे, मी दुखण्यासाठी आले आहे, ते बघा." हे वाक्य घरी दोनदा मोठ्यानं म्हणून बघ. नवीन इंजेक्शनांचं विचारत होतीस, मौनजारो आणि वेगोव्ही. दोन्ही २०२५ मध्ये आपल्याकडे आली. ती खरी औषधं आहेत, काहींना लागतातही, पण डॉक्टरांनी तपासून दिली तरच. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून परस्पर घेऊ नकोस. आणि वजन उतरवायची नाश्त्याची पावडर विकणाऱ्या त्या बाईला दुकानाच्या पायरीवर चढू देऊ नकोस. तिला मी ओळखते.

लग्नाचं बोलू. पैठणीवरचा ब्लाउज आत्ताच्या मापाचा शिव. "दोन महिन्यांत उतरेल" म्हणून घट्ट शिवून घेऊ नकोस, मागच्या वेळी दिवसभर श्वास कोंडून बसली होतीस. शिंप्याला सांग, माया भरपूर ठेव. हात उघडे टाकायचे असतील तर टाक. फोटोत मागं जाऊन उभी राहू नकोस, पुढं ये. तुझ्या मुली पुढं तो अल्बम बघतील तेव्हा त्यांना आई दिसू दे. दीर काही बोलला तर हसून घेऊ नकोस. "भाऊजी, माझ्या अंगाबद्दल बोलायचं नाही." एवढंच, आवाज न चढवता. नवऱ्याला आधी सांगून ठेव की असं झालं तर तुम्ही माझ्या बाजूनं बोला. तो चांगला माणूस आहे, त्याला सांगितल्याशिवाय कळत नाही इतकंच.

मुलींवरून आठवलं. थोरली मागच्या महिन्यात माझ्याकडे आली होती, आंब्याचा रस पुढं केला तर म्हणाली, "नको मावशी, मी जाड होईन." दहा वर्षांची पोर. आरशासमोर तू स्वतःला जे म्हणतेस ते तिच्या कानावर पडतंय. तिला काही समजावायला जाऊ नकोस, त्यानं उलट होतं. तिच्यासमोर ताट वाढून घेऊन बस आणि तिच्याशी गप्पा मारत जेव.

हे सगळं करूनही रात्री तसंच चालू राहिलं, किंवा खाल्लेलं मुद्दाम उलटून टाकावंसं वाटलं, किंवा जगावंसंच वाटेना असं झालं, तर ते माझ्या चिठ्ठीनं भागणारं नाही. त्याला उपचार आहेत आणि ते लागू पडतात. १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. मोबाइलमध्ये माझ्या नावाखाली साठवून ठेव. लोणीला प्रवरा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. लोक बघतील म्हणून शिर्डीतच कुठं जायला नको वाटत असेल तर लोणी बरी, आणि घरी काय सांगायचं ते मी बघते. ताईला गुडघ्यासाठी न्यायचंय म्हण, खोटंही नाही ते. मी मंगळवारी सकाळच्या एसटीनं येते. तू डबा घेऊ नकोस, मी दोघींचा आणते. आणि आज रात्री काकूंनी ताट वाढलं की मागं सारू नकोस.